विमलताईंचा बक्षिसाचा नाश्ता

विमलताईंचा स्वभाव तिखट. केळापूरकडच्या त्या लहानशा गावात बावीस वर्षं अंगणवाडी चालवताना त्यांनी कुणाचंच ऐकून घेतलं नाही, ना सरपंचाचं, ना घरच्यांचं. पोराकडे दुर्लक्ष करणाऱ्या आईला त्या भर रस्त्यात झापायच्या आणि संध्याकाळी स्वतःच औषध घेऊन तिच्या दारात उभ्या राहायच्या. या बाईला कधी तोंड लपवायची वेळ येईल असं कुणी म्हटलं असतं, तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. पण ती वेळ आली, आणि आली ती एका बक्षिसापायी.

तालुक्याला दरवर्षी अंगणवाडी सेविकांची पौष्टिक पदार्थांची स्पर्धा भरते. विमलताई न चुकता फल्लीदाण्याचे लाडू न्यायच्या. भाजलेले शेंगदाणे, गूळ आणि मूठभर तीळ, बस्स. मागच्या वर्षी परीक्षणाला आलेल्या तालुक्याच्या मोठ्या मॅडमनी डबा उघडला आणि म्हणाल्या, "ताई, यंदाही लाडूच?" बाकीच्या सेविका खुदकन हसल्या. पहिला नंबर एका नव्या पोरीच्या नाचणीच्या केकला गेला. ते हसू विमलताईंच्या जिव्हारी लागलं, आणि पुढे वर्षभर लाडू वळताना त्या मनातल्या मनात चरफडत राहिल्या.

यंदा त्यांनी नागपूरला नोकरी करणाऱ्या लेकीला, समीक्षाला, फोन लावला. "मले असं काही सांग पोरी, का त्या मॅडमचं तोंडच बंद झालं पायजे."

समीक्षानं कृती सांगितली आणि गावाकडे येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर दोन ॲव्होकाडो पाठवले. फळं दगडासारखी कडक. विमलताईंनी सीताफळं पिकायला घालतात तशी ती तांदळाच्या डब्यात पुरली आणि दिवसातून चारदा दाबून पाहिली. स्पर्धेच्या दिवशी त्यांनी तव्यावर ब्रेड खरपूस भाजला, मिक्सरमधून वाटून काढलेलं दाण्यांचं लोणी त्यावर जाडसर लावलं, वर एका ॲव्होकाडोचा गर कुस्करून पसरला, लिंबू पिळलं, मीठ आणि तीळ भुरभुरले. पाच मिनिटांत काम फत्ते. पहिला नंबर आला. मॅडमनी फोटो काढले आणि म्हणाल्या, "हेच तुमच्या गावातल्या आयांना करून दाखवा. मी स्वतः येते."

दुसरं फळ त्यासाठी कामी आलं. कार्यक्रमाच्या दिवशी अंगणवाडीत बायांची दाटी झाली होती, मॅडम खुर्चीत बसल्या होत्या, आणि विमलताईंना भलताच जोर चढला.

"आमच्या घरी रोज सकाळी हेच असते," त्यांनी ठोकून दिलं. घरी रोज सकाळी शिळ्या पोळीचा कुस्करा असायचा. "ते लाडूबिडू आता जुनं झालं. लेकराचं वजन वाढवाचं असन तर हे द्या. ज्या मायले लेकराची काळजी हाये, ती हे फळ कुठूनबी आननच!"

मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मग बायांनीही वाजवल्या.

मागच्या ओळीत रामीबाई बसली होती. गावाबाहेर टेकडीवर कोलाम आदिवासींचं पोड आहे, दहा-पंधरा घरांची वस्ती, तिथली ती. तिची दीपा दोन वर्षांची, पण वजनाला कमी. रामीबाई पोडावरून सहसा खाली उतरत नसे. विमलताईंनी वर्षभर चकरा मारून, कधी रागावून, कधी गोंजारून तिला अंगणवाडीत यायला लावलं होतं. लाडूंचा एक डबाही घरी दिला होता. रोज एक लाडू खाऊन पोर हळूहळू अंग धरू लागली होती.

त्या कार्यक्रमानंतर रामीबाई यायची बंद झाली. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. विमलताई तापल्या. "या लोकाईले कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पानी," असं पुटपुटत एका सकाळी त्यांनी वजनकाटा पिशवीत घातला आणि पोडाची वाट धरली.

रामीबाई अंगण सारवत होती. विमलताईंनी राम राम न करता दीपाला उचललं, ओसरीच्या आढ्याला काटा टांगला आणि पोरीला झोळीत बसवलं. महिन्यापूर्वी नऊ किलोला टेकलेली दीपा साडेआठवर आली होती. विमलताईंनी काटा दोनदा पाहिला, पोरीला मांडीवर घेतलं आणि कडाडल्या.

"काय खाऊ घालून राह्यली तू हिले? लाडू देतं का नाही?"

"नाई, ताई."

"काहून?"

"तुमीनंच सांगतलं ना, लाडू जुनं झालं म्हनून. डब्बा तसाच ठेवला हाये. थे फळ भेटलं का देईन म्हनलं."

रामीबाईनं शेणाचे हात धुतले, आत गेली आणि फडक्यात बांधलेली एक मोठी, तपकिरी बी घेऊन आली. कार्यक्रमाच्या दिवशी विमलताईंनी फेकलेली ती बी तिनं उचलून आणली होती. तीच हातात धरून ती पांढरकवड्याच्या बाजारात प्रत्येक फळवाल्यासमोर उभी राहिली होती. कुणी आंब्याची कोय समजलं, कुणी नुसतंच हसलं. मग दोन दिवसांची मजुरी बुडवून, लेकराला पाठीशी बांधून ती एसटीनं यवतमाळला गेली. तिथं एकानं बी ओळखली आणि हे फळ नागपूरलाच मिळेल असं सांगितलं.

"नागपूर मी पायलं नाई, ताई," रामीबाई खालमानेनं म्हणाली. "पन तुमी मनात काही आनू नका. मले लेकराची काळजी हाये. नुसतं फळच भेटलं नाई, मंग अंगनवाडीत कोन्त्या तोंडानं येऊ?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं विमलताईंना झालं. बावीस वर्षांत किती आयांना त्यांनी बेपर्वा म्हटलं होतं, याचा हिशोब नव्हता. आणि इथं एक आई, जिच्या लेकराचं अर्धा किलो अंग त्यांच्या एका फुशारकीनं उतरवलं होतं, ती उलट त्यांचीच माफी मागत होती. मॅडमवर ढकलावं, फळवाल्यांच्या नावानं बोटं मोडावीत, असं मनात येऊन गेलं. स्वतःच्या मनाचीही लाज वाटली. मांडीवर दीपा त्यांच्या बांगड्यांशी खेळत होती.

"रामीबाई," त्या कशाबशा म्हणाल्या, "मी खोटं बोलली. थे फळ मी जन्मात पयल्यांदाच पायलं. माह्या घरी कोनी खात नाई. दीपाले लाडूच पायजे होता."

रामीबाईनं हातातली बी खाली ठेवली.

"मंग खोटं काहून बोलल्या?"

विमलताई दीपाच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "मॅडमनं शाबास म्हनावं म्हनून."

रामीबाई भांडली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर विमलताईंना सोसलं असतं. पण ती नुसती पुढे आली आणि त्यांच्या मांडीवरून दीपाला उचलून तिनं आपल्या कडेवर घेतलं. विमलताईंनी काटा सोडवला, पिशवी उचलली. त्या वाटेला लागल्या तेव्हा मागून आवाज आला.

"उद्या आनतो हिले."

विमलताई थबकल्या.

"पन आता तुमी जे खाऊ घालाले सांगान, थे आंधी तुमी खाऊन दाखवा. माह्यासमोर."

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत खिचडीचं पातेलं उतरलं तेव्हा रामीबाई पोरीला घेऊन दारात उभी होती. आत यायचं नाव घेईना. पोरं ताटल्या घेऊन बसलेली, चार-दोन आया आलेल्या, सगळ्या बघताहेत. विमलताईंनी आपल्या ताटलीत खिचडी घेतली आणि सगळ्यांदेखत पहिला घास खाल्ला. रामीबाईनं त्यांचा घास गिळून होईपर्यंत वाट पाहिली, मग दीपाला आत आणून बसवलं.

याला आता चार महिने झाले. दीपाचं वजन भरलं, तरी रामीबाई रोज दारात थांबते, आणि विमलताई रोज मान खाली घालून पहिला घास खातात.