न बसवलेल्या दारांची चोरी

ती घटना आजही आठवते; इतरांना ती चुकीची आठवते, हा माझा दोष नव्हे. बीडमध्ये अजून सांगितले जाते की, पाथरवटांच्या मुकादमाने चोरी कबूल केली आणि जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या तालुकदारसाहेबांनी दया येऊन त्याला सोडले. हे धादांत खोटे आहे. तेव्हा मी बीडच्या पोलीस ठाण्याचा अमीन होतो; तपास मी केला. खरे काय ते सांगण्याचा अधिकारही माझाच.

निजाम सरकारचा अंमल होता. नदीकाठची दाट वस्ती पाडून रुंद बाजाररस्ता काढण्याचे काम चालले होते. दगड घडवणारे, माती वाहणारे लोक शहराला पुढेही लागणार, म्हणून त्यांच्यासाठी त्याच रस्त्यालगत अल्प भाड्याच्या घरांची एक ओळ बांधायची, असे सरकारात ठरले. योजना शहाणपणाची होती. तिला हसणारेच पुष्कळ होते.

घरे उभी राहिली आणि ती बांधण्याचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराने ठाण्यात फिर्याद दिली : 'सागवानी दारे बसवून घरे ताब्यात दिली. हे लोक राहायला गेले, दारे काढून विकली आणि पुन्हा पालांत जाऊन बसले.' मुकादम हवालातीत गेला. चोरी शाबीत झाल्यास अख्खी ओळ दुकानदारांना द्यावी, असा हुकूम सुटला.

मुकादमाचे एकच पालुपद होते.

"अमीनसाहेब, दारं लागलीच न्हाईत. मग चोरू काय, भोकं?"

शिपाई हसले. मी हसलो नाही. खोटे बोलणारा विचारल्यापेक्षा जास्त सांगतो. हा माणूस तेवढेच बोलत होता.

अशात चौसाळ्याच्या एका गाडीवानाने खबर आणली. "साहेब, लई दारं पडून हायत आमच्या गावात, गुत्तेदाराच्या वखारीत. माल चोरीचा आन् कुलूप सावाचं, हे कसं काय?"

झडतीत दारे सापडली; ती गाड्यांवर लादून मी बीडला आणवली. गुत्तेदाराच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही. "ती दुसऱ्या कामाची आहेत. सागवानावर काय नाव लिहिलेलं असतं?"

मी थेट त्या घरांकडे गेलो. दारे सगळ्यांनी शोधली होती. उंबरे कोणी पाहिले नव्हते. एकाही उंबऱ्यावर हळदीकुंकवाचे बोट नव्हते. आमच्याकडची बाई कितीही गरीब असो, उंबरा पुजल्यावाचून नव्या घरात चूल मांडत नाही. म्हणजे इथे कोणी राहायला गेलेच नव्हते.

समोरच्या पालातून मुकादमाची बायको कडाडली, "आता उंबरे बी जप्त करता व्हय, साहेब? दार न्हाई त्याला घर म्हणत्यात का? कुत्रं येतंय, मांजर येतंय. त्यापरीस आमचं पाल बरं!"

मी दोन पंच बोलावले, गुत्तेदाराला आणि त्याच्या सुताराला चौकटीपाशी उभे केले. सुताराने दारे बसवल्याचा जबाब दिला होता.

"बिजागरी कुठे ठोकलीस, तिथे बोट ठेव."

त्याचा हात चौकटीवरून वर गेला, खाली आला. कुठे खाच नाही, खिळ्याचे छिद्र नाही.

"अबे, दाखव की!" गुत्तेदार ओरडला.

"काय दाखवू, मालक? ठोकलीच न्हाई," म्हणत सुताराने चौकटीवरचा हात काढून घेतला.

या सुताराला मी मारले, असे एक निवृत्त कारकून सांगत फिरतात. ते तिथे नव्हते. माझी छडी काखेतून निघाली नाही, हे दोन्ही पंचांनी पाहिले आहे. पुढे गुत्तेदाराने स्वतःच कबूल केले की, बाजाराच्या तोंडावरची ती जागा त्याच्या मेहुण्यांना दुकानांसाठी हवी होती.

मुकादम सुटला. आभार वगैरे काही नाही, त्याने एवढेच विचारले, "दारं आज लागत्याल का उद्या?"

"आजच," मी म्हणालो आणि त्याच सुताराला त्याच्या जोडीदारांसह कामाला लावले.

चोरी झाली म्हटले की आपण चोर शोधायला धावतो. वस्तू जागेवर होती काय, हे आधी विचारत नाही. आणि शहर बांधणाऱ्याला घर द्यायचे ठरले की त्या घरावर पहिली नजर शहाण्यांचीच जाते. हे दोन्ही धडे मला त्या ओळीने दिले. बंद दार पोलिसाला सहसा आवडत नाही. पण त्या तिन्हीसांजेला मी रस्त्यावर उभा असताना पालांतली माणसे नव्या घरांत गेली, एकामागून एक आतून कड्या लागल्या, आणि माझ्या छातीवरचे ओझे उतरले.