साहेबाने नाक मोजलं, आम्ही रक्त शोधलं

रक्ताच्या पिशवीवर एक्सपायरी डेट छापलेली असते. किश्श्यांवर नसते, म्हणून ते साठत जातात. आमच्या रक्तदान मंडळात तर इतके साठलेत की त्यांच्यासाठी वेगळा फ्रीज घ्यावा लागेल!

मंडळ म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. जळगावातली आम्ही मोजकी माणसं. हर्षल डाळ मिलमध्ये कामाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी शिबिराची गाडी चालवतो. मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करते. माझ्या प्रोजेक्टचा विषय आहे खानदेशातले रक्तगट आणि त्यांच्यामागचा इतिहास. इतिहास म्हणजे मुख्यतः इंग्रज साहेबाचा. त्याने कोणाला कुठे नेलं, कोणाला कुठे आणून बसवलं आणि कोणाला कुठल्या खान्यात कोंबलं!

मंडळाचे अध्यक्ष माझे मोठे काका, नाना. निवृत्त शिक्षक. प्रत्येक शिबिरात हार घालून घेतात, रक्तदानाच्या महतीवर भाषण करतात आणि स्वतः सुई न टोचता घरी जातात. आता तर रक्तदानाचं वयही उलटून गेलंय. त्यामुळे भाषणात हळहळीचे दोन परिच्छेद वाढलेत.

यंदा मात्र आमची सगळ्यांची झोप उडाली होती. माझ्या वहिनीला दिवस गेले होते, तिचा गट बी निगेटिव्ह, आणि वार, म्हणजे प्लासेंटा, खाली सरकलेली. तिच्या माहेरच्या, धुळ्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "सिझेरियनच्या वेळी रक्त जाऊ शकतं. रक्तपेढीत निगेटिव्ह पिशवी असेलच असं नाही. तुमचा एक दाता तयार ठेवा."

एक दाता. एवढंच! आणि आम्ही अख्खा खानदेश पालथा घातला.

*

पहिलं शिबिर पारोळ्याला, बाजार समितीच्या शेडमध्ये. एकामागून एक शेतकरी येतायत, बोट पुढे करतायत, आणि निघतंय काय? बी पॉझिटिव्ह. परत बी पॉझिटिव्ह. मध्ये एखादा ओ, आणि पुन्हा बी पॉझिटिव्ह!

एक आबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पोरी, मनं रगत कोनतं शे?"

"बी पॉझिटिव्ह, आबा! आणि माहितीये का, पहिल्या महायुद्धात साहेबाच्या फौजेतून आपले शिपाई लढायला गेले होते ना, तिथे छावणीत देशोदेशीच्या सैनिकांचे रक्तगट तपासले होते. गोऱ्यांमध्ये ए जास्त, आपल्या शिपायांमध्ये बी जास्त! म्हणजे हे तेव्हापासून माहीत आहे!"

मला वाटलं, आबा थक्क होतील. आबांनी बोटावरचा कापूस काढून पाहिला.

"म्हंजे साहेबले बठ्ठं माहीत व्हतं?"

"हो ना!"

"मंग तू आते काबर टोची राह्यनी?"

*

नाना आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याचेही अध्यक्ष. (अध्यक्षपद रिकामं दिसलं की नाना तिथे बसतात.) बायोडेटात ते आधी रक्तगट बघतात. का? तर त्यांचं ठाम मत आहे की एक नाडी म्हणजे एक रक्तगट. मुलगा बी पॉझिटिव्ह, मुलगी बी पॉझिटिव्ह, की कागद बाजूला!

"नाना, आपल्याकडे बी पॉझिटिव्ह गल्लोगल्ली आहेत! मग या पोरांनी लग्नं करायची कुणाशी? फिजीत जाऊन शोधायच्या का मुली?"

"शोधा. काय हरकत आहे?"

"हरकत ही आहे की तिथेही बी आहे! साहेबाने इथल्या माणसांकडून गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, लिहून घेतलं आणि त्यांना उसाच्या मळ्यांवर नेलं. फिजी, मॉरिशस, त्रिनिदाद... त्यांच्याबरोबर आपला बीसुद्धा जहाजात बसून गेला!"

नाना ऐकतच नाहीत. शास्त्र मला शिकवू नको, म्हणाले. गंमत बघा, माझा दादा पॉझिटिव्ह आणि वहिनी निगेटिव्ह. पोटातल्या बाळासाठी जिथे खरोखर आधीपासून लक्ष ठेवावं लागतं, वेळेवर इंजेक्शन द्यावं लागतं, ती नेमकी ही जोडी. तिथे मात्र 'गट वेगळा, उत्तम!' म्हणून नानांनी पेढे वाटले होते!

मग मी हट्टाने नानांच्या घरीच किट घेऊन गेले. नानांना टोचलं. आयुष्यात पहिल्यांदा! बी पॉझिटिव्ह. नंतर आमच्या अक्का, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती. बी पॉझिटिव्ह!

नाना स्लाइडकडे बघत राहिले. अक्का पदराला बोट पुसत म्हणाल्या, "चार पोरं व्हयनात, नातवंडं व्हयनात. आते काय परत धाडशात का मले माहेरले?"

*

नानांच्या बैठकीत भिंतीवर एक फ्रेम आहे. देवाची नाही. एका इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशावर लिहिलेल्या जाड पुस्तकातल्या एका पानाची झेरॉक्स. त्यात आमच्या समाजाबद्दल चार ओळी आहेत. हे लोक उत्तरेकडून आले, यांच्यात उच्च कुळाचं रक्त आहे, वगैरे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी त्या ओळी वाचून दाखवल्या जातात.

माझा प्रोजेक्ट सुरू झाल्यावर नानांना हुरूप आला. "तुझ्या मशिनीतून सिद्ध करून टाक एकदा. साहेबाने लिहिलंय ते."

"नाना, साहेबाने रक्त बघितलंच नव्हतं! टेप घेऊन नाकं मोजत होता तो! नाक बघून खाना ठरवायचा, आणि माणसं खान्यात टाकून शिरगणती करायची!"

ती फ्रेम बघायला आलेल्या माझ्या गाइड मॅडमही तिथे बसल्या होत्या. त्या मला नेहमी अर्ध्यात अडवतात. म्हणाल्या, "जाती साहेबाच्या आधीही होत्या गं. त्याने त्या पक्क्या शाईने लिहिल्या, एवढंच. लोकांना ते अक्षर आवडलं. मग लग्नं आणखी घट्ट खान्यातल्या खान्यात झाली. आज एका खान्यातले रक्तगट दुसऱ्या खान्यापेक्षा थोडे वेगळे दिसतात, त्यात त्या शाईचाही वाटा आहे."

नानांना यातलं 'वेगळे' एवढंच ऐकू आलं. खूश झाले!

हर्षल इतका वेळ फ्रेमसमोर उभा होता. त्याने विचारलं, "नाना, हे वाक्य तर अर्धवट तुटलंय. पुढच्या पानावर काय लिहिलंय साहेबाने?"

नाना एकदम चहात साखर ढवळू लागले. साखर ढवळून झालेली होती.

"भांडखोर," आतून अक्कांचा आवाज आला. "कोर्टकचेरीना नाद शे म्हने. ते पान यास्नी झेरॉक्स नही करं."

*

ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं, वहिनीला सातवा सरला होता, आणि दाता नव्हता. एक भेटला होता, त्याला कावीळ होऊन गेलेली. दुसरी भेटली, तिचं हिमोग्लोबिन कमी. मी रडकुंडीला आले होते.

तेव्हा मला ती भन्नाट आयडिया सुचली! निगेटिव्ह गट युरोपियन लोकांत आपल्यापेक्षा जास्त. आणि युरोपियन रक्त आपल्या जिल्ह्यात कुठे असणार? भुसावळला! साहेबाने रेल्वे आणली, रेल्वेबरोबर ड्रायव्हर आणि गार्ड आणले, त्यांची कुटुंबं तिथे रुजली. चला भुसावळ!

मी आणि हर्षल स्कूटीवर भर दुपारी जुन्या रेल्वे वस्तीत. विचारत विचारत एका निवृत्त गार्डच्या घरी पोचलो. सगळे त्यांना पीटर अंकल म्हणतात. घारे डोळे, गोरापान रंग, हे एवढं सरळ नाक! दार उघडलं आणि मी उडालेच. सापडला माझा दाता! नाहीतर त्यांचा मुलगा, नाहीतर पुतण्या!

मी एका दमात सगळं सांगितलं. वहिनी, वार, रेल्वे, युरोप. अंकल शांतपणे ऐकत होते.

"रेल्वेच्या मेडिकल तपासणीत दर वेळी बघायचे आमचा गट," ते म्हणाले. "मी बी पॉझिटिव्ह. दोन्ही मुलगे बी पॉझिटिव्ह."

"पण अंकल... तुमचे पूर्वज तर..."

"माय डियर गर्ल, एक पणजोबा तिकडचा. बाकी सगळे भुसावळचे. मेजॉरिटी कोणाची, तूच सांग!"

मी तोंड पाडून बसले. आँटी आतून ताट घेऊन आल्या. "केक नाही आज. भरीत आहे, चालेल?"

चाललं. रडत रडत दोनदा वाढून घेतलं!

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की डिपार्टमेंटमधले सगळे बघायला लागले. "म्हणजे तू नाक बघून रक्त ठरवलंस? तुझ्यात आणि साहेबात फरक काय गं?"

मला सोडायला आलेला हर्षलच म्हणाला, "साहेबाकडे टेप होती मॅडम. हिच्याकडे स्कूटी आहे!"

*

मग पिंपळनेर. तिथून पुढे डोंगराकडच्या एका पाड्यावर, अंगणवाडीत तपासणी. मला सांगून ठेवलं होतं की लोक बिचकतील. बिचकणारच! साहेबाच्या राज्यात असा कायदाच होता की अख्खीच्या अख्खी जमात जन्मतः गुन्हेगार. चोरी रक्तात असते, असं सरकारचं मत! त्यात तिथली माणसं कोणकोणत्या यादीत गेली आणि कोणाला नुसता संशय चिकटला, हा इतिहास मी पाठ करून गेले होते. आल्याआल्या त्यावर छोटंसं भाषण द्यायचं आणि माफी मागितल्यासारखं करायचं, असा माझा बेत.

भाषण सुरू केलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अंगणवाडी सेविका रेखाताई, तिशीच्या, कमरेला पदर खोचलेला, त्यांनी सरळ हात पुढे केला.

"ताई, भाषण नंतर. आधी माझं रक्त बघा. चोरी निघाली तर लगेच सांगा. पोलीस पाटील माझा दीरच आहे, घरच्या घरी धरून देते!"

सगळा पाडा हसला. माझं भाषण तिथेच मेलं.

स्लाइडवर तीन थेंब. ए-चा जसाच्या तसा. बी-च्या गुठळ्या झाल्या. तिसरा थेंब, पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा. मी स्लाइड हलवली. थांबले. परत हलवली. गुठळी नाही! काहीच नाही! सपाट! बी निगेटिव्ह!

"हर्षल!" मी किंचाळले. "हर्षल, इकडे ये! निघालं! निघालं!"

रेखाताई खुर्चीतून उठल्याच.

"काय निघालं? चोरी?"

*

आता शेवटचा किस्सा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रेखाताई पहाटेच्या एसटीने धुळ्याला आल्या, रक्त दिलं, बिस्किटाचा पुडा मुलासाठी पर्समध्ये टाकला आणि दुपारच्या गाडीने परतही गेल्या. सगळ्या तपासण्या होऊन पिशवी वहिनीच्या नावाने तयार झाली. मी हवेत!

सकाळी दवाखान्यात नाना आले. वहिनीला स्ट्रेचरवरून आत नेत होते, आणि नानांनी मला कोपऱ्यात घेतलं. हळू आवाजात, म्हणजे त्यांचा हळू, सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असा.

"ती बाई कोण आहे? कोणाकडची? आडनाव काय?"

मी पेटलेच. इतके महिने साठलेलं सगळं तोंडाशी आलं. पण माझ्याआधी स्ट्रेचरवरून वहिनी बोलली. ही वहिनी नानांसमोर कधी मोठ्याने हसलेलीसुद्धा नाही.

"नाना, ते माझ्या अंगात जायचंय. मी नाही विचारलं. तुम्ही कशाला विचारताय?"

दार बंद झालं.

डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. रक्त गेलं, खूप गेलं. आतून नर्स धावत आली, पिशवी घेऊन गेली. नाना बाकावर बसले. कधीतरी दार उघडलं आणि डॉक्टर म्हणाल्या, "मुलगी. दोघी ठीक आहेत." मी हर्षलला मिठी मारली, दादाला मिठी मारली, चुकून नानांनाही मारली!

मग सगळे जळगावला परतलो, वहिनी आणि बाळ माहेरी धुळ्यालाच. बाळ झालं की भावकीतल्या सगळ्यांना बारशापर्यंत सोयर लागतं, पूजा बंद. तसं नानांचंही देवघर बंद होतं, शेजारची मुलगी येऊन दिवा लावून जायची. मला या सगळ्यावर बोलायचं होतं, पण दादाने हात जोडले, म्हणून गप्प होते.

एका संध्याकाळी नानांच्या बैठकीत सगळे बसलेले असताना रेखाताईंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. वहिनी कशी आहे, बाळ दूध पितं का, सगळं विचारून झालं. मग त्या जरा अडखळल्या.

"ताई, एक विचारायचं होतं. हसू नका. सासूबाई म्हणतायत, तुझं रक्त त्या बाळंतिणीच्या अंगात गेलं, तर तुलाही सोयर लागतं की नाही? देवाला दिवा मी लावू, का त्यांनी लावायचा?"

माझ्याकडे प्लाझ्मा होता, अँटीजेन होते, अख्खा इतिहास होता. पण या प्रश्नाला त्यातलं काहीच लागू होईना. मी मॅडमना फोन लावायचा विचार करत होते.

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हात पुढे करून फोन मागितला.

"दिवा सासूबाईंना लावू दे, रेखा," ते म्हणाले. "बारशापर्यंत."