घेतलं

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं एका काचेच्या नळीकडे बघण्याचा पगार घेतला. हे मी पूर्वी चेष्टेने सांगायचे. आता चेष्टा सुचत नाही.

कापड रंगवण्याच्या कारखान्यात अण्णा बॉयलरवर होते. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे, ते बाहेरच्या बोटभर जाड काचेच्या नळीत दिसतं. पाणी काचेच्या तळाखाली गेलं आणि खाली आग तशीच राहिली, तर बॉयलर फुटतो. म्हणून कोणीतरी डोळ्यांत तेल घालून तिथे बसायचं. अण्णा नवीन असताना एकजण ‘मागून येतोच आहे तो’ असं म्हणत चहाला गेला, आणि मागून येणारा वाटेत गप्पा मारत उभा राहिला. त्या दिवशी तिघं गेले. तेव्हापासून बॉयलरवर एक रीत पडली. पाळी संपली की उठणारा म्हणायचा, “दिलं.” येणारा त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, काचेकडे बघायचा आणि म्हणायचा, “घेतलं.” तो शब्द कानावर पडल्याशिवाय कोणी जागेवरून हलायचं नाही, मग घरी कोणी आजारी असो की बाहेर आभाळ कोसळो. एकदा अण्णा सलग दोन पाळ्या तसेच बसले होते. घरी आल्यावर आईने चांगलंच फैलावर घेतलं, तर म्हणाले, “घेतलं म्हणायला कोणी आलंच नाही, तर मी उठणार कसा?”

याच शब्दापायी माझी मुलगी माझ्या हातची जाणार होती.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो. पाचव्या वर्षी तिला एका जागी बूड टेकणं माहीत नव्हतं. घास तोंडात, हात पाण्यात आणि डोळे तिसरीकडेच. शाळेतल्या बाईंनी मला दोनदा बोलावून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, “हुशार आहे हो, पण लक्ष म्हणून नाही. दोन मिनिटं चित्र रंगवते, की चालली खिडकीकडे. घरी काहीतरी करा.” घरी काय करणार? नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. मी औषधांच्या दुकानात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उभी. मी ओरडायचे, धपाटा घालायचे आणि मग रडायचे. एवढंच मला येत होतं.

अण्णा निवृत्त होऊन आमच्याकडे राहत होते. दुपारी शाळेतून भिंगरीला तेच आणायचे. एका रविवारी माझा आरडाओरडा ऐकून ते म्हणाले, “लक्ष दे, लक्ष दे म्हणून कोणी देतं का? काहीतरी बदलणार आहे असं वाटलं, की माणूस आपणहून बघतो. मला कोणी वेगळं शिकवलं नव्हतं.”

त्यांनी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, त्यात शाईचा एक थेंब सोडला आणि पेला भिंगरीसमोर ठेवून म्हणाले, “दिलं.” तिला खेळ वाटला. तिने पेल्याकडे बघितलं, म्हणाली, “घेतलं!” शाई दोऱ्यासारखी खाली उतरत गेली, फाटत गेली, पसरली. तीन मिनिटांनी अण्णांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “घेतलं. सांग, काय काय बदललं?” ती सांगतच सुटली. मी दारात तोंडात बोट घालून उभी.

मग बशीतला बर्फाचा खडा आला. मग नळाखालची बादली, तिच्यावर खडूने मारलेली खूण, आणि पाणी खुणेला लागेपर्यंत बघत राहणं. अण्णा एकेका मिनिटाने वेळ वाढवत. त्यांचा एकच दंडक होता. पोरगी कंटाळायच्या आत पाळी बदलायची. “अजून बघायचंय असं वाटत असतानाच उठवायचं. थकलेला माणूस नुसता काचेकडे तोंड करून बसतो, बघत नाही,” असं ते मला समजावत. शेगडीजवळ मात्र कधीच नेणार नाही, असा त्यांनी शब्द दिला होता. चार महिन्यांत भिंगरी वीस मिनिटं चित्र रंगवू लागली. बाईंनी वहीत चांदणी दिली. अण्णांनी ती चांदणी इतक्या वेळा बघितली, की ते पान दुमडून मऊ पडलं.

आता मागे वळून बघते तेव्हा सगळं स्वच्छ दिसतं. तेव्हा मी आंधळी होते.

एका संध्याकाळी घरी आले तर भिंगरी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून थेंब-थेंब गळणाऱ्या नळाकडे बघत होती. अण्णा आत गाढ झोपलेले. मी विचारलं, “कधीपासून बसलीस?” ती म्हणाली, “शाळेतून आल्यापासून.” म्हणजे साडेचार तास! जेवणाचं ताट झाकलेलं तसंच होतं. फ्रॉक ओला झाला होता, तरी ती उठली नव्हती. आणि मी काय करावं? मी हसले. तिचा पापा घेतला. दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यांना कौतुकाने सांगितलं, की आमची भिंगरी आता तासन्‌तास एका जागी बसते. दुकानाचे मालक म्हणाले, “नशीबवान आहात.” मी मान डोलावली.

अण्णा आपलाच शब्द विसरत चालले होते, ते मला दिसलं नाही. त्यांनी कपाटातून कारखान्याचा खाकी शर्ट काढून घालायला सुरुवात केली. मला वाटलं, जुन्या आठवणी. एकदा जेवताना विचारलं, “आज कोणाची पाळी?” मी म्हटलं, “भांडी घासायची ना? माझीच.” ते हसले नाहीत. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, ओळख पटत नसल्यासारखे. पण सकाळी दुकान होतं, डबा होता. मी ते मागे टाकलं.

तो मंगळवार होता. सहाला दुकानातून निघाले. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर वास आला. गॅसचा. खालच्या मजल्यावरचे असतील असं वाटलं, पण एकेक पायरी चढले तसा वास वाढत गेला. उरलेल्या पायऱ्या मी पळत चढले. आमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधारून आलं होतं. माझा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला आणि बटणापासून चार बोटांवर थांबला. कशाने थांबला, मला माहीत नाही.

स्वयंपाकघरात शेगडीसमोर लाकडी स्टुलावर भिंगरी बसली होती. शेगडीवर मोठं पातेलं, त्यातलं पाणी उतू जाऊन ज्योत कधीच विझली होती आणि गॅस तसाच सुरू होता. तिचे डोळे अर्धे मिटत होते. ती जोर लावून ते उघडत होती आणि पुन्हा विझलेल्या शेगडीकडे बघत होती.

मी शेगडीचा कान पिळून गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि तिला उचलायला गेले. तिने दोन्ही हातांनी स्टूल धरून ठेवलं.

“नाही! अण्णांनी दिलंय!” तिची जीभ जड झाली होती. “आई, आग गेली. मी हाका मारल्या. पण त्यांनी घेतलंच नाही.”

मी ओढत होते, तिची बोटं सुटत नव्हती. पाच वर्षांच्या पोरीत एवढं बळ कुठून आलं, कोण जाणे. मी शिव्या दिल्या, ओरडले. मग एकाएकी मला कळलं, काय करायचं ते. तिच्या खांद्यावर हात ठेवला. शेगडीकडे बघितलं.

“घेतलं,” मी म्हटलं.

तिची बोटं सुटली. मान माझ्या खांद्यावर पडली. तिला घेऊन मी जिना कसा उतरले, ते मला आठवत नाही.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मीही करू दिलं नाही. अण्णा सापडले कारखान्याच्या जुन्या फाटकापाशी. कारखाना पाडून तिथे आता गाड्या लावतात. खाकी शर्टाची वरपर्यंत बटणं लावून ते तिथल्या रखवालदाराशी भांडत होते. “मला आत सोड. मी पाळी देऊन आलोय. नीट माणसाच्या हातात देऊन आलोय.”

मला त्यांचा राग आला. खूप आला. नंतर जो राग आला तो माझा मलाच, आणि तो अजून गेलेला नाही. साडेचार तास नळासमोर बसलेल्या लेकीला बघून हसणारी आई मी.

आता अण्णा बाहेरच्या खोलीत असतात. गॅसची टाकी मी कुलपात ठेवते. भिंगरी दुपारी शेजारच्या शिंपीणबाईंकडे जाते. अण्णांना माझं नाव आठवत नाही. संध्याकाळ झाली की ते खुर्ची भिंतीकडे वळवतात आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर नजर लावून बसतात. जेवायला चला म्हटलं तरी उठत नाहीत. पहिल्या दिवशी मी समजावलं, हात जोडले, शेवटी आवाज चढवला. ते ढिम्म.

भिंगरी आतून आली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, भिंतीकडे बघितलं, म्हणाली, “घेतलं.”

अण्णांनी मोठा श्वास सोडला. उठले, जेवले, शहाण्या मुलासारखे आडवे झाले. माझा जीव भांड्यात पडला. पान वाढून मी भिंगरीला हाक मारली. ओ आली नाही. बाहेर येऊन बघते तर ती त्यांच्या खुर्चीत बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे भिंतीला लावलेले.

“भिंगरे, चल जेवायला.”

“कशी येऊ? मी घेतलंय ना.”

तिच्या पायाची भिंगरी कुठे गेली, असं माझ्या मनात आलं. तिने खिडकीकडे पळावं, पाणी सांडावं, मला छळावं, असं अगदी आतून वाटलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, भिंतीकडे बघितलं आणि म्हटलं, “घेतलं.”

ती टुणकन उतरली. चार पावलं गेली, थांबली आणि वळून माझ्याकडे बघू लागली.

“आई, नीट बघशील ना? मध्येच जायचं नाही हं.”

गेले सात महिने रोज संध्याकाळी हे असंच चालतं. त्यांच्याकडून ती घेते, तिच्याकडून मी. ती पूर्ण झोपेपर्यंत मी त्या खुर्चीतून उठत नाही.