तिप्पण्णाच्या गच्चीवरचा डबा

दुधनीत तुरीच्या व्यापारात जम बसल्यावर तिप्पण्णाने जुळे सोलापुरात घर बांधलं. जाड काँक्रीट, लोखंडी दारं, खिडक्यांना आरशासारख्या काचा. शेजारची घरं त्यापुढे ठेंगणी दिसतात, याचंच त्याला मोठं समाधान. फक्त घरात पाऊल टाकलं की मोबाइलची रेंज जायची. टॉवरकडून निघालेल्या लहरी इथवर येईतो क्षीण झालेल्या असत. ज्या उरत त्या भिंतींत जिरत आणि काचांवर आपटून माघारी फिरत. अडत्याशी बोलायला मालकाला रस्त्यावर यावं लागे.

घर बांधताना आपलं चुकलं हे कबूल करणं तिप्पण्णाच्या रक्तात नव्हतं. त्याने कुठूनसा सिग्नल वाढवणारा बिनपरवान्याचा डबा, बूस्टर, आणून गच्चीत टाकीशेजारी बसवला. घरात सिग्नलच्या सगळ्या काड्या उभ्या राहिल्या आणि गल्लीतल्या बाकीच्यांचे फोन मधेच तुटू लागले.

समोरच्या रशीदाभाभी ऑनलाइन शिकवणी घेत. मुलांना त्यांचे नुसते ओठ हलताना दिसायचे. त्या विचारायला आल्या, तर तिप्पण्णा म्हणाला, "फोन भारीतला घ्यावा लागतोय की, भाभी."

"वरचा डबा बसवल्यापासनंच हाय हे," त्याची बायको निंगव्वा आतून म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

पुढे त्याला नगरसेवकपदाची स्वप्नं पडू लागली. त्याने रेंजचा प्रश्न हाती घेतला, सह्या गोळा केल्या, दूरसंचार खात्याकडे तक्रार दिली आणि ती देतानाचा फोटोही काढून घेतला.

एका सकाळी तपासणीची गाडी आली. अधिकारी बाईंच्या हातात माशाच्या काट्यासारखा अँटेना लावलेलं यंत्र होतं. इस्त्रीचे पांढरे कपडे घालून तिप्पण्णा पुढे, बाई मधे, मागे अख्खी गल्ली. यंत्राचा आवाज जिकडे वाढे तिकडे बाई वळत. वळत वळत त्या तिप्पण्णाच्याच फाटकाशी थांबल्या.

"चहा घेणार काय, मॅडम?"

"गच्ची दाखवा."

टाकीजवळ उभं राहून बाईंनी सगळ्यांना समजावलं. "तुमच्या फोनची हाक टॉवरपर्यंत जाईतो अगदी बारीक होते. टॉवर ती कान देऊन ऐकत असतो. हा डबा त्याच्या कानाशी सारखा गोंगाट करतो. मग दुसऱ्या कुणाचं ऐकूच जात नाही."

"म्हंजे ह्येंच्यासारखाच," निंगव्वा म्हणाली.

डबा जप्त झाला, तिप्पण्णाला नोटीस निघाली आणि त्याच दुपारी गल्लीतले फोन सुरळीत झाले. निवडणुकीच्या पत्रकात त्याने आता छापलंय, 'कॉलनीचा नेटवर्क प्रश्न स्वतः पाठपुरावा करून कायमचा सोडवला.' गल्लीत सगळे ते वाचतात, पण खोटं आहे असं कुणाला म्हणता येत नाही.