भागुबाईचं पांढरं तोंड

भागुबाई मखमलाबादची माळीण. पहाटे मळ्यातली शेवंती तोडायची आणि नाशिकच्या पंचवटीत गंगेकाठी निळ्या ताडपत्रीखाली हार विकायला बसायची. देवाच्या फुलाचा वास माणसानं आधी घ्यायचा नाही, हा तिचा नेम. गिऱ्हाईकानं हार नाकाशी नेला की म्हणायची, "आता तुझ्याच गळ्यात घाल!"

२००४ च्या उन्हाळ्यात तिच्या गालांवर, मनगटांवर लाल चट्टे उठले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऊन बाधतंय. तिचा मुलगा ज्ञानेश अंबडला कंपनीत. त्यानं फर्मान काढलं, "आई, हे चट्टे गेले नाहीत तर दुकान बंद."

"आन् घरी बसून भिंतीला हार घालू?"

आमच्या फेरीवाला संघटनेची ती जुनी सभासद. मी मेडिकलमधून उन्हाचं मलम आणून दिलं. महिना गेला, चट्टे तसेच. चौकशी केली तर बाई पहाटे मलम लावायची आणि हार ओवायच्या आधी डाळीचं पीठ चोळून हात-तोंड धुऊन टाकायची.

"त्याला गुलाबाचा वास येतो रे. देवाआधी फुलांना माझा वास?"

डॉक्टरीणबाई ट्यूब बघून म्हणाल्या, "धुतलं नसतं तरी अर्धंच काम झालं असतं. ट्यूबवरचा हा एसपीएफचा आकडा फक्त उन्हातल्या बी किरणांचा, कातडी भाजणाऱ्या. ए किरण भाजत नाहीत, पण खोल शिरतात. ढग असले तरी येतात, ताडपत्रीच्या कडेनंही येतात. दोन्ही अडवणारं घ्या. आणि लांब बाह्या, डोक्यावर पदर."

मी परत मेडिकलमध्ये. दुकानदार म्हणाला, "साहेब, आकडा मोठा आहे ना?"

"आकडा काय चाटायचाय? ए आणि बी दोन्ही छापलेलं दाखव. बिनवासाचं."

त्यानं खालच्या फळीवरून जस्ताचं मलम काढलं. "हे कोणी नेत नाही. तोंड पांढरं पडतं."

दुसऱ्या दिवशी शेजारचा नारळवाला सावळीराम ओरडला, "मावशे, तमाशात उभी राहतीस का काय?"

"महादेव रोज राख फासतो, त्याला इचारलं का कधी?" सुई थांबली नाही.

पावसाळ्यातही, आभाळ भरलेलं असतानाही, ती तशीच पांढरी बसायची. चट्टे फिके होत गेले. एका रविवारी ज्ञानेश आला. आईचं मनगट उजेडात धरून बघितलं, उलटं करून बघितलं. शेजारी मांडी घालून म्हणाला, "सुई दे."

"आधी हात धू," भागुबाई म्हणाली. "साबणाचा वास येतोय."