बुडबुड्यातली हवा

"थांबा, निवू द्या." शिरूरच्या त्या दुकानात टेकलेल्या प्रत्येकानं आप्पांचं हे पालुपद ऐकलं असेल. दागिना भट्टीतून काढला की ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. आपलेच हात घाई करतील, ही भीती!

चांदीवर मिना, म्हणजे काचेचा रंग वितळवून चढवायचं त्यांचं काम. लाल-हिरवे मोर, दुसरं काय! केंदूरच्या शाळेत विज्ञान शिकवून, एसटीत उभी राहून मी घरी जायच्या आधी तिथं टेकायला यायची. दोघंही दमलेले, त्यामुळं बोलणं बेताचंच.

एकदा माझ्या पिशवीतलं मासिक त्यांनी उघडलं. आत अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या चकतीचा फोटो होता; चकती निळसर, बारीक बुडबुड्यांची.

"ह्ये काय वो बाई?"

"हजारो वर्षांपूर्वीची हवा, आप्पा. बर्फात अडकलेली. शास्त्रज्ञ ती काढून तपासतात."

"म्हंजी तवाची हवा अजून हाय तिथं?"

झालं, तसला बर्फ मिन्यात उतरवायचं खूळच लागलं. आता बघा, मिन्यात बुडबुडा राहिला तर काम बाद. तो राहू नये म्हणून या माणसाचा जन्म गेला, आणि आता तोच राहावा म्हणून धडपड! कधी बुडबुडा फुटायचा, कधी निळा रंगच गढूळ व्हायचा. त्यात दमा. डॉक्टरांनी फुंकणी बंद करायला सांगितलेली. मी चिडायची.

"पुरे की आता! घालणार कोण ते?"

"एक जमू द्या बाई. मग न्हाई फुंकत."

दिवाळीनंतर जमलं. रुपयाएवढं पदक, निळंपांढरं, आत तीन बुडबुडे. आप्पांना धाप लागली होती. हात मांडीखालीच.

"बाई, ह्यात माझा दम अडकला न्हवं? भट्टी म्याच फुंकली."

खरं तर मिना तापताना त्यातूनच वायू सुटतो, त्याचे ते बुडबुडे. पेपरात कुणी 'दम अडकला' असं लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती. पण ती धाप मला ऐकवेना.

"व्हय आप्पा," मी म्हणाले.

"मग तुमीच ठिवा. गिऱ्हाईक म्हनंल, खोट राहिली."

उन्हाळ्यात आप्पा गेले. त्या गाळ्यात आता मोबाईलचं रिचार्ज मिळतं. एसटीतून उतरल्यावर पाय अजून तिकडं वळतात, आणि मग फार वाईट वाटतं.

पदक माझ्या गळ्यात असतं. परवा वायूंचा धडा चालू असताना पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, ह्या बुडबुड्यात काय हाय?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. उत्तर मला चांगलं माहीत होतं.

"आमच्या आप्पांचा श्वास," मी म्हणाले, आणि खडू उचलून फळ्याकडं वळले.