मोटारीतली जागा

कापसाचा भाव पडला त्या वर्षी, होळी झाल्यावर, आईने आणि मी अंजनगाव सुर्जी सोडलं. वडील आदल्या दिवाळीत गेले होते. मोठेबाबांचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा, सरकीचा धंदा बसला होता. दोन चुली आता परवडत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मोटार दारातच उभी होती. ट्रंक आम्ही दोघींनी धरून एसटी स्टँडवर नेली.

ती मोटार साठच्या दशकात घरात आली. आई त्याच सुमारास सून म्हणून. रविवारी सगळे अमरावतीला मॅटिनीला जायचे. मध्यंतरात खायला आईचा केक असायचा. ती पहाटे घमेल्यात वाळू तापवायची, त्यात केकचा डबा बसवायची, वर झाकण आणि झाकणावर निखारे. डबा मागच्या सीटवर जायचा. आईची थोरली जाऊ, माझी मोठी आई, दरवेळी म्हणायची, "शालू, डबा ठेवला का जागा नाई राहत वं. चेंगरन तो." आई घरी राहायची. संध्याकाळी मोठी आई नटीच्या ब्लाउजच्या बाह्या हातवारे करून दाखवायची आणि आई तशा शिवून द्यायची. ती नटी आईने कधीच पाहिली नाही.

पुण्यात मला वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी लागली. आई फ्लॅटमधल्या ओव्हनला नावं ठेवायची, पण केक करून सोसायटीत वाटायची. पिक्चरला चल म्हटलं की उत्तर ठरलेलं: "मले त्या मोटारीत बसून जायचं होतं."

काही वर्षांनी चुलतभाऊ प्रमोदने अकोल्यात जुन्या जमान्याचं हॉटेल काढलं. दारात तीच मोटार, पॉलिश केलेली. भिंतींवर नट्यांचे कृष्णधवल फोटो. मेन्यूवर 'आमच्या आईचा संडे केक'. त्याचा फोन आला. "ताई, तुह्या पेपरात फोटो छापजो. आन काकूले म्हण, केक करून आण. आईले आता जमत नाई."

"तिले जमत कधी होता?" आई शेजारून म्हणाली.

उद्घाटनाला ती केक घेऊन आली. दारातल्या मोटारीत डबा मागच्या सीटवर ठेवला, स्वतः पुढे बसली आणि दार लावून घेतलं. फोटोग्राफर तयार होता. मोठी आई जरीचं पातळ सावरत आली.

"शालू, उतर वं. मालकिणीचा फोटो पायजे त्यायले."

"बसा ना, ताई. पण जागा नाई."

"मागं रिकामंच हाये सारं."

"तिथं डबा हाये. चेंगरन तो."

प्रमोदचा आचारी हसला. मोठेबाबा काठी टेकत पुढे आले. "बाई, लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या, भाऊजी. आजवर कोनी पाहेलंच नोतं."

मोठी आई उन्हात उभी राहिली. तिच्यासाठी खुर्ची आली तोवर फोटो झाले होते. आईने केक मोटारीच्या खिडकीतून वाटला, पाहुण्यांना आणि बाहेरच्या ऑटोवाल्यांनाही. मोठ्या आईपर्यंत डबा रिकामा पोचला.

फोटो अकोला आवृत्तीत आला. त्याखालची ओळ मी लिहिली: 'संडे केक करणाऱ्या शालिनीबाई, पुणे.' हॉटेलचं नाव त्यात नव्हतं. त्या आठवड्यात प्रमोदने मेन्यूवरून केक काढला.